बायकांच्या ऑल-माउंटन स्की कशा पारखायच्या: ठाणे-नवी मुंबईच्या इंटरमिजिएट स्कीअरसाठी

बेसिक कोर्स झालाय. त्यानंतर एक-दोन हिवाळे गुलमर्ग किंवा औलीला जाऊन आलात. स्नोप्लाऊ, म्हणजे पुढची टोकं जवळ आणून व्ही आकारात घसरणं, सुटलाय, मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येतंय, हवं तिथे थांबताही येतंय. या टप्प्यावर आलेल्या ठाणे, कळवा, वाशी, खारघरच्या मैत्रिणी हमखास विचारतात, "ताई, आता कुठली स्की घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता घेऊ नका. आधी दोन-तीन वेगवेगळ्या स्की एकाच उतारावर, एकाच दिवशी, एकाच बुटात चालवून बघा. त्या कशा निवडायच्या, चालवताना काय बघायचं आणि इथे घरी बसून काय तयारी करायची, ते क्रमाने लिहिते.

आपल्याला वर्षातून जेमतेम आठवडाभर बर्फ मिळतो. त्यातले ट्रायलचे दिवस चुकीच्या लांबीच्या स्की आणि दुखऱ्या बुटांत गेले तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात चोळत बसावं लागतं. म्हणून निम्मं काम इथेच उरकायचं.

ही स्की असते कशी

कोर्सला आपल्या पायात बांधतात ती स्की बहुधा अरुंद, मऊ आणि आखूड असते. वळायला शिकण्यासाठी ती उत्तम. पण दुपारी उतार उखडला, बर्फाचे ढिगारे झाले की ती त्यांत अडकते आणि वेग जरा वाढला की तिची टोकं थडथडायला लागतात. ऑल-माउंटन स्की मशीनने दाबलेल्या उतारावर चालते, कडेच्या उखडलेल्या बर्फात चालते आणि घोटाभर ताज्या बर्फातही चालते. यातल्या कुठल्याच कामात ती पहिल्या नंबरची नसते, पण सगळीकडे निभावून नेते. दिवसभरात बर्फ तीनदा बदलतो अशा आपल्या हिमालयातल्या उतारांवर हेच हवं असतं.

स्कीच्या वरच्या बाजूला, बहुधा मागच्या टोकाजवळ, तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ १२८-८८-११०. पुढचं टोक, बुटाखालचा मधला भाग आणि मागचं टोक यांची ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. मधल्या आकड्याला वेस्ट म्हणतात आणि तुमचं लक्ष तिथेच हवं. साधारण ६५ ते ८० वेस्ट म्हणजे दाबलेल्या उतारासाठीची स्की, ८० ते १०० म्हणजे ऑल-माउंटन, १०५ च्या पुढे खोल पावडरसाठी, म्हणजे ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी. शेजारी 'आर' या अक्षरापुढे १४, १५ असा आकडा दिसेल. तो टर्निंग रेडियस, मीटरमध्ये. आकडा लहान असेल तर स्की छोटी वळणं सहज घेते. आपल्या टप्प्यावर १३ ते १६ च्या आसपासचा सोयीचा पडतो.

दुकानात स्की जमिनीवर आडवी ठेवून बाजूने बघा. मध्यभागी ती जमिनीपासून किंचित उचललेली असते, तो कॅम्बर. त्यामुळे कडक बर्फावर पकड मिळते. पुढचं टोक लवकर आणि हळूहळू वर जात असेल तर तो रॉकर. त्यामुळे वळण सुरू करणं सोपं होतं आणि टोक बर्फात घुसत नाही. इंटरमिजिएटसाठी पुढे रॉकर, पायाखाली कॅम्बर आणि मागे अगदी थोडा रॉकर अशी रचना असलेली स्की घ्या.

आता 'विमेन्स' या शिक्क्याबद्दल. साधारणपणे या स्की वजनाला हलक्या, वाकायला मऊ असतात, लांबी १५० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखालून सुरू होते आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, बसवायची जागा थोडी पुढे असते. काही मॉडेल्समध्ये मात्र साचा पुरुषांच्या स्कीचाच असतो, फक्त लांबी कमी आणि रंग वेगळे. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. ती स्की तुमच्या वजनाने वाकते का, हा खरा प्रश्न आहे.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी पारख यावर उभी आहे. स्की एजवर, म्हणजे कडेच्या पोलादी पट्टीवर, कलली आणि तिच्यावर वजन आलं की ती कमानीत वाकते, आणि त्या कमानीवरूनच आपण वळतो. शाळेतली प्लास्टिकची पट्टी आणि स्टीलची पट्टी एकाच जोराने वाकवून बघा, फरक लगेच कळेल. ८० किलोच्या माणसासाठी बनवलेली, आत टायटॅनल या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे थर असलेली कडक स्की ५२ किलोच्या बाईला दिली, तर आपल्या मध्यम वेगात ती वाकतच नाही. सरळ जायला बघते. मग आपण खांदे फिरवतो, टाचा ढकलतो, जोर लावून तिला वळवतो. तासाभरात मांड्या भरून येतात आणि वाटतं, आपल्यालाच जमत नाही. जमत असतं. पायाखालची वस्तू चुकीची असते. मी कितीतरी चांगल्या स्की करणाऱ्या बायका याच समजापायी नाउमेद झालेल्या पाहिल्यात, म्हणून इतकं खोलात सांगतेय.

उलटही होतं. उंची १७२, वजन ७५, पाय दणकट, वेगाची आवड असेल तर अगदी मऊ विमेन्स स्की तुमच्याखाली जास्त वाकते आणि वेगात टोक फडफडतं. अशा बायकांनी युनिसेक्स किंवा पुरुषांच्या रॅकवरची स्की बेलाशक मागावी. दुकानदार "मॅडम, ये जेन्ट्स का है" म्हणाला तरी मागावी.

घरी करायची मापं

एका कागदावर चार गोष्टी लिहा: उंची, कपड्यांसकट वजन, पायाची लांबी आणि आतापर्यंत भाड्याने घेतलेल्या बुटाच्या बाहेरच्या तळव्याची लांबी. शेवटची माहिती जुन्या फोटोत सापडली तर बघा. बुटाच्या टाचेजवळ बाजूला २८५, २९७ असा मिलिमीटरमधला आकडा उठवलेला असतो. नसेल तर दुकानात बघू.

पायाचं माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला लागून फरशीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलने खूण करायला सांगा. बऱ्याच जणींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा खूण तिथे. स्वतः वाकून खूण केली तर वजन पुढे जातं आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजा. भिंतीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटर हेच तुमच्या स्की बुटाचं माप. त्याला मोंडो म्हणतात. पाय २३.५ सेंटिमीटर, तर बूट २३.५. चपलेचा ३७ किंवा ३८ नंबर इथे विसरायचा.

बूट आधी, स्की नंतर

तुम्ही कितीही भारी स्की ट्राय केली तरी पायाची हालचाल तिच्यापर्यंत पोचते ती बुटातून. बूट सैल असेल तर पाय आत आधी सरकतो, मग बूट हलतो, मग स्की. मग तुम्ही म्हणणार, ही स्की उशिरा वळते.

भाड्याच्या दुकानात बायकांना सर्रास एक माप मोठा बूट मिळतो, कारण दुकानात उभं राहून तो आरामदायी वाटतो. असं करा. बुटाच्या आतलं मऊ लायनर बाहेर ओढून काढा. नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे हलकेच टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. आपल्या हाताचं एक बोट आरामात जातंय, फार तर दोन बोटं एकावर एक जातात, तर माप बरोबर. तीन बोटं गेली तर बूट परत करा. लायनर पुन्हा घालून बकल लावल्यावर, ताठ उभं असताना बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर किंचित मागे आली पाहिजेत. टाच उचलायला गेलात तर उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन जाड मोजे घालून ऊब वाढत नाही. रक्तप्रवाह दाबला जातो आणि पाय अधिकच गारठतात.

बुटाचा कडकपणा फ्लेक्स या आकड्याने सांगतात. बायकांच्या बुटांत आपल्या टप्प्याला ७० ते ९० पुरतो. पोटरी भरलेली असेल तर बुटाचा वरचा काठ उमललेला किंवा थोडा बुटका आहे का ते बघा. बायकांच्या बुटांत तसा मिळतो आणि नडगीवरचे व्रण त्यामुळे टळतात.

ट्रायलच्या आदल्या दिवशी बूट ठरवून टाका आणि सगळ्या स्की त्याच बुटात चालवा.

पाय तयार करणं

स्कीइंगमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते. बाइंडिंग सुटलं तरी ती टळेलच असं नाही. त्यामुळे मांड्यांची पुढची-मागची दोन्ही बाजू आणि कंबरेखालचे स्नायू आधी मजबूत करायचे. निदान दोन महिने.

यासाठी आपल्याकडे डोंगर आहेत. येऊरच्या गेटपासून पाटोणपाड्याकडचा चढ, बेलापूरची पारसिक हिल, खारघर हिलचा रस्ता. चढताना दम वाढतो, पण स्कीसाठी कामाचं आहे ते उतरणं. सावकाश, गुडघे मऊ ठेवून, प्रत्येक पावलावर वजन सावरत उतरा. बिल्डिंगचा जिनाही चालेल: लिफ्टने वर जा आणि सातव्या-आठव्या मजल्यावरून हळूहळू खाली या. सोबत भिंतीला पाठ लावून बसण्याचा व्यायाम आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. ज्यांना इनलाइन स्केट्स येतात त्यांनी ते पुन्हा काढावेत, कारण एजवर वजन देण्याची सवय त्यातून टिकते.

दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ पासून चालू आहे आणि सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा आहे. मुंबईहून तीन तासांचं उड्डाण, म्हणून पुष्कळ जणी विचारतात. हात-पाय मोकळे करायला छान. ऑल-माउंटन स्की पारखायला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तिथे सगळा दाबलेला बर्फ आणि छोटी वळणं. उखडलेला बर्फ, बदलता उजेड, लांब उतार यांपैकी काही नाही.

यादी करा, पण तिनाचीच

तीन स्की निवडा: एक अरुंद, वेस्ट ८२-८४ ची. एक मधली, ८८ च्या आसपास. एक रुंद, ९४-९६ ची. तिन्हीचा फरक पायाला स्पष्ट कळतो. ८६, ८८ आणि ९० अशा तीन घेतल्या तर इंटरमिजिएटला काहीच वेगळं जाणवत नाही आणि दिवस संपतो.

विमेन्स ऑल-माउंटनमध्ये नेहमी ऐकू येणारी नावं अशी: ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल, नॉर्डिकाची सांता आना, के-टूच्या माइंडबेंडरची विमेन्स आवृत्ती, फोल्कलची सीक्रेट, अॅटॉमिकची मेव्हन, सलोमनची क्यूएसटी लक्स, एलानची रिपस्टिक. नावापुढचा आकडा बहुतेकदा वेस्टचा असतो. ब्लॅक पर्ल ८८ म्हणजे ८८ मिलिमीटर. रिपस्टिकमध्ये डावी आणि उजवी स्की ठरलेली असते आणि तसं स्कीवर लिहिलेलं असतं, तेव्हा घालताना अदलाबदल करू नका.

लांबी ठरवताना स्की उभी धरा. टोक हनुवटी आणि कपाळ यांच्या मध्ये यायला हवं. सावकाश जाणाऱ्या, हलक्या वजनाच्या बाईने हनुवटी ते नाक, आत्मविश्वासाने आणि वेगात जाणारीने नाक ते कपाळ. रॉकर जास्त असेल तर थोडी लांब चालते, कारण कडक बर्फावर तिचं टोक तसंही जमिनीला टेकत नाही. उंची १५८ आणि वजन ५५ असेल तर १५० ते १५६ मधली मागा. शक्य असेल तर तीनपैकी एक मॉडेल दोन लांबींत चालवा. पाच-सहा सेंटिमीटरचा फरक किती मोठा असतो हे चालवल्याशिवाय पटत नाही.

माझं मत विचाराल तर गुलमर्गच्या गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा आणि औलीचा मुख्य उतार यांसाठी आपल्या टप्प्यावर ८४ ते ९० वेस्ट सर्वांत योग्य. ९८-१०० ची स्की फोटोत देखणी दिसते, पण सकाळच्या कडक बर्फावर एका एजवरून दुसऱ्या एजवर यायला तिला वेळ लागतो, आणि ती कलवून धरताना गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो. पावडरची स्वप्नं असतील तर पावडर पडेल त्या दिवसापुरती रुंद स्की भाड्याने घ्या.

कधी आणि कुठे

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या वर जातो. ट्रायलसाठी पहिला टप्पा आणि खालचे मैदानालगतचे उतार भरपूर झाले. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार दाबलेले नसतात, तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि अनोळखी स्की पायात घालून तिथे जाणं मी कुणालाही सुचवणार नाही.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बर्फाची खात्री जास्त. तरी हल्ली भरवसा कमी झालाय. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यामुळे तारखा बदलता येतील असंच बुकिंग करा. औलीला जाणार असाल तर जोशीमठहून वर कसं जायचं याची चौकशी आधी करा. तिथली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद करण्यात आली होती.

पोचल्याच्या दिवशी ट्रायल नको. आपण समुद्रकाठचे लोक, एका दिवसात अडीच हजार मीटरवर गेल्यावर डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही. पहिला दिवस चालण्याचा, दुसरा ओळखीच्या साध्या स्कीवर हात बसवण्याचा, तिसरा ट्रायलचा.

दुकानात

निघण्याआधी दोन-तीन दुकानांना व्हॉट्सअॅप करा: "विमेन्स ऑल-माउंटन, वेस्ट ८४ ते ९४, लांबी १५० ते १५८. काय आहे? वरच्या आकड्यांसकट फोटो पाठवा. एका दिवसात स्की बदलून द्याल का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यावरच तुमचा दिवस ठरतो. युरोपात आणि जपानमध्ये रिसॉर्टच्या दुकानांत टेस्ट किंवा डेमो स्की अशी वेगळी सोय असते आणि दिवसभरात बदलून मिळतात. आपल्याकडे बोलून ठरवावं लागतं. बायकांच्या चांगल्या स्की मोजक्या असतात, त्या आधी सांगून ठेवलेल्या बऱ्या.

स्की हातात आल्यावर उलटी करा. बेसवर, म्हणजे खालच्या तळावर, खोल चर आहेत का, आतलं लाकूड दिसतंय का, कडेची पोलादी एज कुठे तुटलीय किंवा सुटलीय का? मग अंगठ्याचं नख एजवर हलकेच आडवं ओढा. नखाची बारीक पांढरी भुकटी निघाली तर एज धारदार. नख नुसतंच घसरलं तर धार गेलेली, आणि ती स्की कडक बर्फावर कितीही चांगली असली तरी वाईटच वाटणार. हे पायाखालच्या भागात तीन-चार ठिकाणी करून बघा. बेस कोरडा, पांढुरका दिसत असेल तर वॅक्स लावून मागा. धार आणि वॅक्स नसलेली स्की पारखणं म्हणजे दुकानाच्या देखभालीची परीक्षा घेणं.

आता बाइंडिंग. पडल्यावर बूट सुटावा म्हणून त्यावर एक आकडा लावतात, त्याला डिन म्हणतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात बघून काढायचा असतो. पन्नाशीनंतर तो कमी धरतात. तंत्रज्ञाने तो काढायचा, आपण स्क्रूड्रायव्हर घ्यायचा नाही. पण माहिती खरी द्यायची. वजन पाच किलोने कमी सांगणं इथे महागात पडतं, आणि स्वतःला 'एक्स्पर्ट' म्हणवणं त्याहून महागात. "मॅडम, सबका यही रखते हैं" असं कुणी म्हणालं तर हसून, पण ठामपणे तक्ता मागा. तक्ता नसेल तर दुसरं दुकान. बुटाचा तळवा गोलसर, रबरी असलेला ग्रिपवॉक प्रकारचा असेल तर ते बाइंडिंग त्याला चालतं का, हेही विचारा. प्रत्येक स्की बदलताना डिन आणि बुटाची लांबी पुन्हा तपासून घ्यायची, कारण डेमो बाइंडिंग पट्टीवर पुढे-मागे सरकतं आणि तुमच्या आधी ते दुसऱ्याच्या बुटाला लावलेलं असतं. ही डेमो बाइंडिंग्ज थोडी जड असतात, तेव्हा स्की जरा वजनदार वाटली तर सगळा दोष तिला देऊ नका.

उतारावर

एकच उतार निवडा, ज्यावर तुम्ही अगदी निर्धास्त आहात. सकाळी ओळखीच्या भाड्याच्या स्कीवर एक फेरी मारा, म्हणजे आजचा बर्फ आणि आजचे पाय कसे आहेत ते कळेल. मग ट्रायलची पहिली स्की.

पहिली फेरी हिशेबात धरू नका. नवी लांबी, नवं वजन, शरीर गोंधळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत क्रमाने एवढं करा.

सपाटीवर काठ्या ढकलत, एकेका पायाने स्केट करत जा. स्की उचलताना जड वाटते का ते इथे कळतं. उतार सुरू झाला की उताराला आडव्या उभ्या राहून एज सोडा आणि बाजूने खाली घसरा, मग पुन्हा पकडा. एज सुटणं आणि धरणं दोन्ही सहज होतंय का? हीच कसोटी बहुतेक जणी गाळतात आणि मला सर्वांत जास्त तिच्यावर विश्वास आहे. अडचणीच्या अरुंद जागी, बर्फ कडक असताना, आपण यावरच खाली उतरतो. त्यानंतर मध्यम वेगात पाच-सहा मोठी वळणं, मग तेवढीच छोटी. मग एका बाजूला जाऊन उखडलेल्या बर्फात चार वळणं. शेवटी, बऱ्यापैकी वेग असताना थांबा.

मनात एकच प्रश्न ठेवा: वळण मी सुरू करतेय की स्की? मी नुसता घोटा आणि गुडघा कलवला आणि स्की आपणहून आत आली, तर ती तुमच्या वजनाला वाकतेय. प्रत्येक वळणाला अंग फिरवून ढकलावं लागत असेल तर ती लांब आहे, कडक आहे, किंवा बूट सैल आहे. बुटाचं आपण आधीच बघितलंय, म्हणून उरतात दोनच कारणं. तीच स्की आखूड लांबीत घेऊन बघा. तरी तसंच झालं तर कडक आहे.

वेगात पुढची टोकं थडथडली तर मऊ किंवा आखूड. वळण संपताना मागचं टोक सुटत नसेल, स्की पुढच्या वळणात यायला तयार नसेल, तर आधी स्वतःची उभं राहण्याची पद्धत तपासा, कारण वजन टाचांवर गेलं की हेच होतं. नडग्या बुटाच्या जिभेला टेकवून पुन्हा करा. कडक बर्फावर बाजूला घसरली तर आधी नखाने धार बघा, मग रुंदीला दोष द्या. उखडलेल्या बर्फात टोक ढिगाऱ्यावर आपटून बाजूला फेकलं जात असेल तर स्की फार हलकी आहे. टायटॅनलचा थोडा अंश असलेली स्की तिथे शांत राहते. हलकी स्की हातात सुखावते, पण बर्फात थोडं वजन उपयोगी पडतं.

आणि मांड्या. तीन फेऱ्यांनंतर मांड्या कितपत भरल्या हे कुठल्याही तज्ज्ञाच्या परीक्षणापेक्षा खरं सांगतं.

लिफ्टमध्ये बसल्या बसल्या फोनवर आपल्याच भाषेत वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करा: स्कीचं नाव, लांबी, किती वाजले, बर्फ कसा, काय आवडलं, काय अडलं. दहापैकी मार्क देऊ नका, शब्दांत सांगा. "छोट्या वळणांत पटकन येते, वेगात घाबरवते" हे रात्री ऐकल्यावर उपयोगी पडतं, "सात" पडत नाही. थंडीत फोन लवकर मान टाकतो, म्हणून तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. मैत्रिणीला खाली उभं करून प्रत्येक स्कीवरच्या त्याच पाच वळणांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दोन स्की पायाला सारख्या वाटल्या तरी व्हिडिओत फरक दिसतो: एकीवर खांदे शांत असतात, दुसरीवर फिरत असतात.

तिन्ही झाल्या की पहिली पुन्हा घालून एक फेरी मारा. सकाळी नऊचा बर्फ आणि दुपारी एकचा बर्फ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि सकाळी कडक बर्फावर चालवलेल्या पहिल्या स्कीवर त्यामुळे अन्याय होतो. पाय थरथरायला लागले तर ही फेरी उद्यावर टाका. थकल्या पायांनी केलेली शेवटची फेरी दुखापतीला आमंत्रण असते.

विकत घ्यायची का?

वर्षातून एकदाच, आठवडाभर जात असाल तर आधी बूट विकत घ्या, स्की भाड्याने. बूट तुमच्या पायाचे असतात, विमानात सोबत नेता येतात, आणि कुठल्याही देशातल्या भाड्याच्या स्कीवर चालतात. फक्त तळव्याचा प्रकार बाइंडिंगशी जुळतो ना, ते तिथे दाखवून घ्या. स्की घेण्याचा विचार वर्षातून दोन सहली व्हायला लागल्या, आणि ट्रायलच्या नोंदींत एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं, की करा. मॉडेल दरवर्षी रंग बदलतं, आतली रचना बहुधा दोन-तीन वर्षं तीच राहते. मागच्या हंगामातली स्की स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या. जुन्या स्कीत एज आणि बेस बघाच, शिवाय दोन्ही स्की बेसला बेस लावून धरा. मध्ये फट दिसली पाहिजे. दाबली की ती मिटावी आणि सोडली की परत यावी. फटच नसेल आणि त्या मॉडेलला कॅम्बर असायला हवा होता, तर स्की दमलेली आहे.

आणि ठाण्यात स्की सांभाळणं सोपं नाही. पोलादी एजना आपली हवा मानवत नाही, जून ते सप्टेंबरात तर रात्रीत गंज धरतो. सहलीहून आल्यावर बॅगेतून लगेच बाहेर काढा, पुसून दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. बेसवर आणि एजवरही वॅक्सचा जाड थर इस्त्रीने वितळवून लावा आणि न खरवडता तसाच ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. बाल्कनीतही नको. कपाटामागे, भिंतीपासून बोटभर लांब, सुती चादरीत उभ्या ठेवा. बुटांची लायनर बाहेर काढून वेगळी सुकवा, मग परत घालून बकल सैल लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. गणपतीच्या सुमारास एकदा चादर काढून एजवरून बोट फिरवा. तांबूस डाग दिसले तर बारीक डायमंड स्टोनने किंवा गंज काढायच्या रबराने घासून पुन्हा वॅक्स करा. सहलीच्या आधी तो थर प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडून काढायचा आणि बाइंडिंग डोंगरावरच्या दुकानात नव्याने तपासून घ्यायचं.